नव्या फ्लॅटच्या बाथरूममधला वास परत परत येतोय? फरशी फोडायच्या आधी हे तपासा

सामान लागतं, पडदे चढतात, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं हेही कळून चुकतं. आणि मग दोन-तीन आठवड्यांनी बाथरूमचं दार उघडलं की सडका वास नाकावर आदळू लागतो. फिनेल ओतून धुतलं की जातो, दोन दिवसांनी पुन्हा हजर. मग डांबरगोळ्या, मग सुगंधी पाकिटं, शेवटी प्लंबर. तो दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "फरशी फोडावी लागेल."

बहुतेक वेळा लागत नाही. फिनेल टाकल्यावर वास जातो तो फिनेलमुळे नाही, तर त्याच्यासोबत ओतलेल्या अर्ध्या बादली पाण्यामुळे. हे ध्यानात आलं की निम्मं निदान झालं. नव्या फ्लॅटमधल्या या वासाचा स्वच्छतेशी संबंध थोडाच असतो. ड्रेनेजची हवा घरात येऊ नये म्हणून जे पाच सेंटिमीटर पाणी अडवून ठेवलेलं असतं, ते कुठेतरी नसतं, आणि ते कुठे नाही एवढंच शोधायचं असतं.

आधी वास कसला आहे ते ठरवा

नाक फसवतं. ड्रेनेजच्या हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडची नाकाला काही मिनिटांत सवय होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणून तपासणी घरात बसून नको; बाहेरून आल्या आल्या, किंवा सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी करा.

सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ड्रेनेज. ओल्या मातीसारखा कुबट असेल तर फरशीखाली किंवा छतात ओल आहे, त्याबद्दल पुढे. तिखट, डोळ्यांना लागणारा वास बहुधा लघवीचा असतो: कमोडच्या कडेखाली, सीटच्या बिजागरीच्या भोकांत, फरशीच्या सांध्यांत मुरलेला. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कमोडमध्ये जो पांढरट-पिवळा थर बसतो, तोच हा वास धरून ठेवतो. त्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर कमोडमध्ये ठेवणं पुरतं. संगमरवराच्या फरशीवर मात्र त्याचा थेंबही सांडू देऊ नका, डाग कायमचा राहतो.

फक्त गरम पाण्यालाच अंड्याचा वास येत असेल आणि गार पाण्याला येत नसेल, तर गटाराला दोष देऊ नका, तो गिझर आहे. बोअरच्या पाण्यातले सल्फेट खाणारे जिवाणू आणि टाकीतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली दांडी) यांच्यातून तो वायू तयार होतो. टाकी काही तास सगळ्यात वरच्या तापमानावर ठेवून रिकामी करा; परत आला तर मेकॅनिककडून अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा बसवून घ्या.

गिझरच्या स्विचजवळ मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला तर वायर किंवा स्विच तापतोय. एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि स्वयंपाकघरात सडक्या कोबीसारखा वास असेल तर पुढचं काहीही करण्याआधी गॅस गळत नाही याची खात्री करा. सिलिंडरचा गॅस असो की पाइपचा, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम असाच वास घातलेला असतो. संशय आला तर रेग्युलेटर किंवा मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, एकाही स्विचला हात लावू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. सिलिंडरसाठी १९०६, पाइप गॅससाठी बिलावरचा आपत्कालीन क्रमांक. पुढे उदबत्तीची एक चाचणी दिली आहे. ही खात्री झाल्याशिवाय ती करायची नाही.

पाणी अडतं कुठे

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, बेसिनखाली बॉटल ट्रॅप, आणि कमोडला त्याच्या अंगातच वळण असतं. तिन्हींत काम एकच: थोडं पाणी कायम अडून राहतं, सांडपाणी त्यातून पुढे जातं, पण हवा मागे येऊ शकत नाही. या पाण्याची खोली निदान ५० मिलिमीटर असावी असा नियम आहे. बाजारातल्या स्वस्त, उथळ ट्रॅपमध्ये ती निम्मीही नसते, म्हणून ते लवकर कोरडे पडतात.

नव्या इमारतीत हे जास्त का होतं? फ्लॅट ताब्यात येण्याआधी महिनोन्‌महिने बंद असतो, त्यामुळे सगळे ट्रॅप सुकलेले असतात. फर्निचर आणि टाइल्सचं काम करणारे लोक सिमेंटचं, ग्राउटचं, पीओपीचं पाणी सरळ जाळीत धुतात. आणि राहायला गेल्यावर दोन बाथरूमपैकी एकच रोज वापरलं जातं. पाहुण्यांचं बाथरूम, बाल्कनीची जाळी, ड्राय बाल्कनीतली जाळी यांच्याकडे कोणी पाणी घेऊन फिरकत नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. घरातल्या प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी सावकाश ओता. एकही सोडू नका: बाल्कनी, फ्रीजमागची किंवा कपाटाखाली गेलेली, सिंकखालच्या कप्प्यातली. न वापरलेल्या कमोडला एकदा फ्लश करा, बेसिनचा नळ मिनिटभर सोडा. दोन दिवस थांबा. वास गेला आणि तीन-चार आठवड्यांनी परत आला, तर ट्रॅप नुसता सुकत होता. दर रविवारी तांब्याभर पाणी ओतलं की विषय संपला. दोनच दिवसांत परत आला, तर पुढे वाचा.

पिशवीची चाचणी

नेमकी कुठली जाळी दोषी आहे हे शोधायला यापेक्षा चांगली पद्धत नाही. चिकटपट्टी ओल्या फरशीवर टिकत नाही. पाणी भरलेली पिशवी टिकते.

जाड पॉलिथिनच्या पिशव्या घ्या, साधारण दोन लिटरच्या. प्रत्येकीत लिटर-दीड लिटर पाणी भरून गाठ मारा आणि जाळीवर अशी ठेवा की ती पसरून कडेच्या फरशीवर सगळीकडून टेकेल. पाण्याच्या वजनाने ती झाकणासारखी बसते. बेसिन आणि सिंकला बूच लावून वर थोडं पाणी धरा. बेसिनच्या वरच्या कडेचं ओव्हरफ्लोचं भोकही टेपने बंद करा. कमोडचं झाकण पाडून त्यावर प्लास्टिक ताणा. भिंतीत किंवा जमिनीत गेलेल्या पाइपांच्या भोवतीची फट ओल्या कपड्याने तात्पुरती भरा. खिडकी बंद, दार बंद, एक्झॉस्ट बंद. रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी दार उघडल्यावर वास नसेल तर दोषी या झाकलेल्यांपैकीच आहे. मग रोज रात्री एकच उघडं ठेवा. ज्या सकाळी वास परतेल, त्याच्या आदल्या रात्री जे उघडलं तेच मूळ. चार-पाच रात्री जातात, मान्य आहे. पण फरशी फोडण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि प्लंबरला "बाथरूमला वास येतो" सांगण्याऐवजी "बेसिनच्या पाइपाच्या सांध्यातून येतो" असं सांगता येतं. दुसऱ्या वाक्याला तो टाळाटाळ करत नाही.

सगळं झाकूनही वास आलाच, तर तो जाळ्यांतून येत नाही. छत, फरशीचं पोट किंवा डक्टची (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीची) खिडकी, या तिघांपैकी एक.

घाई असेल तर उदबत्ती. एक्झॉस्ट चालू करा, दार-खिडकी लावा आणि पेटती उदबत्ती एकेका सांध्याजवळ, जाळीजवळ धरा. जिथे धूर खालून ढकलल्यासारखा मागे हटतो, तिथून हवा आत येते आहे. ही चाचणी घरातच. इमारतीच्या ड्रेनेज चेंबरमध्ये उदबत्ती किंवा काडी पेटवून डोकावू नका, तिथे मिथेन असतो.

दोषी जाळी निघाली तर

हे सगळ्यात जास्त वेळा होतं. जाळी उचला, टॉर्च मारा. खाली पाणी चमकताना दिसलं पाहिजे.

पाणी दिसत नसेल तर दोन शक्यता. काही ठिकाणी खाली ट्रॅपच नसतो, सरळ पाइप असतो, आणि सगळी भिस्त जाळीच्या आतल्या वाटीवर असते. स्टीलची 'कॉकरोच जाळी' म्हणून मिळते तिच्यात उलटी वाटी असते. ती पाण्यात बुडलेली असेपर्यंतच हवा अडते. तिच्यात केस अडकतात, पाणी तुंबतं, कोणीतरी ती काढून खिडकीत ठेवतं आणि तिथून ती कधी कचऱ्यात जाते कळत नाही. वाटी शोधा, नसेल तर जाळीचं माप घेऊन नवी आणा. घरात धुण्या-पुसण्याला मावशी येत असतील तर ती वाटी परत का बसवायची हे एकदा दाखवून ठेवा. नुसतं सांगून उपयोग होत नाही.

दुसरी शक्यता: ट्रॅप आहे, पण पाणी टिकत नाही. तांब्याभर पाणी ओता, पातळी स्थिर झाली की आतल्या पाइपावर खडूने खूण करा. पुढचे २४ तास ती जाळी वापरू नका. वाफेने एका दिवसात डोळ्यांना कळेल इतका फरक पडत नाही. पातळी उतरली असेल तर एक तर ट्रॅपला चीर आहे, नाहीतर आत काहीतरी वात लागली आहे. केसांचा पुंजका किंवा पोछ्याचा धागा ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबत असेल तर तो समईच्या वातीसारखा पाणी ओढून पलीकडे ठिबकवत राहतो. रबरी मोजे घालून हात घाला आणि सगळं उपसून काढा.

हात घातलाच आहे तर तळाशी चाचपा. नव्या फ्लॅटच्या ट्रॅपमध्ये सिमेंटची वाळू, टाइलचे तुकडे, स्क्रू, गुटख्याची पाकिटं असं काय काय सापडतं. सिमेंटचा गाळ तळाशी बसला की पाण्याची जागा खातो. पन्नासच्या जागी वीस मिलिमीटर पाणी उरतं आणि ते फार लवकर उडतं. सुटा गाळ हाताने आणि जुन्या चमच्याने निघतो. घट्ट झालेला थर छिन्नीने ठोकू नका, खालचा पीव्हीसी फुटेल; प्लंबरकडून पातळ पत्र्याने खरवडून घ्या.

पाणी किती खोल आहे हे मोजायचं असेल तर जाड तारेचं टोक काटकोनात वाकवा. ट्रॅपमध्ये आत उतरणारी आडभिंत असते. तिच्या खालच्या कडेला ते टोक अडकवून तार उभी धरा. बाहेर काढल्यावर वाकलेल्या टोकापासून किती तार ओली झाली ते पट्टीने मोजा. ४० मिलिमीटरच्या खाली असेल आणि गाळ काढूनही वाढत नसेल, तर ट्रॅपच उथळ बसवलेला आहे. तो बदलायचा तर मात्र फोडाफोडी आहे. त्याआधी सिलिकॉनची एकमार्गी जीभ असलेला नळकांड्यासारखा भाग पाइपात बसवून बघा. पाणी आलं की जीभ उघडते, थांबलं की मिटते. पाइपाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजूनच मागवा. जाळीच्या मापावरून मागवलेला हमखास ढिला बसतो. दर पंधरा दिवसांनी त्यातले केस काढावे लागतात, नाहीतर जीभ अर्धवट उघडी राहते.

बेसिन आणि सिंक

बेसिनखालचं कपाट उघडा. नळाखालचा पाइप जिथे भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथे बोट फिरवा. पांढरा लवचीक वेस्ट पाइप मोठ्या पाइपात नुसता खुपसलेला असतो आणि वर दिसू नये म्हणून स्टीलची चकती सरकवलेली असते. चकती वर करा, खाली बोट जाईल एवढी फट दिसेल. बेसिनचा पाइप ३२ मिलिमीटरचा, भिंतीतला ४० किंवा ५० चा. मधली फट भरायला रबरी रिंग मिळते, ती कोणी बसवलेली नसते. माप घेऊन रिंग आणा. नाही मिळाली तर दोन्ही पाइप पूर्ण कोरडे करून भोवती सॅनिटरी सिलिकॉन भरा आणि २४ तास नळ वापरू नका. एम-सील इथे नको. लवचीक पाइप हलला की ते तडकतं.

बॉटल ट्रॅपच्या आत उभी नळी असते, तिचं टोक पाण्यात बुडालेलं असायला हवं. खालची वाटी फिरवून काढा (आधी खाली टमरेल धरा), आतला काळा चिखल काढा, वॉशर जागेवर बसवून हातानेच घट्ट करा. पान्याने आवळलं की प्लास्टिकचा आटा जातो. काही ठिकाणी बॉटल ट्रॅपच नसतो, सरळ लवचीक पाइप असतो. तो पाइप पुढे बाथरूमच्याच नहाणी ट्रॅपमध्ये येत असेल तर चालतं, हवा तिथे अडते. सरळ डक्टमधल्या मोठ्या पाइपाला जोडला असेल तर बेसिनचं तोंड म्हणजे गटाराचंच तोंड. कसं ओळखायचं? बेसिनमध्ये पाणी सोडा आणि जाळी उचलून बघा. पाणी ट्रॅपमध्ये पडताना दिसलं तर पहिला प्रकार. त्यात पुन्हा वर बॉटल ट्रॅपही बसवलेला असेल, तर दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते आणि बेसिन गुडगुड करत हळू रिकामं होतं. अशा वेळी एक ट्रॅप कमी करणं बरं.

सगळं घट्ट असूनही बेसिनजवळ नाक नेल्यावर वास येत असेल, तर ओव्हरफ्लोच्या भोकाच्या आतली पोकळी बघा. साबण, थुंकी, टूथपेस्ट यांचा चिकट थर तिथे वाढतो आणि तिथपर्यंत ब्रश जात नाही. बाटली धुण्याच्या पातळ ब्रशने घासा आणि किटलीने कोमट साबणपाणी ओता. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला हाफ थ्रेड वेस्ट कपलिंग (तळाच्या भोकात बसणारी, अर्ध्यापर्यंतच आटे असलेली नळी) लागतं, कारण त्याच्या खिडकीतून ते पाणी आत उतरतं. फुल थ्रेड बसवलेलं असेल तर ओव्हरफ्लोचं पाणी पोकळीतच साचून सडतं. बदलायला अर्धा तास लागतो.

स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तीच फट, वर तेलाचा थर. गरम पाणी ओता पण उकळतं नको, पीव्हीसी मऊ पडतो आणि सांधे सुटतात. हात जेमतेम सहन करेल एवढं पुरे.

वॉशिंग मशीन, एसी आणि रिकामी तोंडं

मशीनचा पाइप जाळीच्या भोकात नुसता खोचला असेल तर भोवतीची फट रबरी बुचाने भरा. बिल्डरने मशीनसाठी, जास्तीच्या बेसिनसाठी, वॉटर प्युरिफायरसाठी काढून ठेवलेली तोंडं काही घरांत टोपीविना तशीच असतात, कपाटामागे. ती शोधून टोप्या घाला.

एसी चालू केल्यावर खोलीत गटाराचा वास आला तर मेकॅनिक एसी धुऊन जातो आणि वास राहतो. एसीचं थेंबथेंब पाणी नेणारी नळी जवळच्या ड्रेनेजच्या पाइपाला ट्रॅपशिवाय जोडलेली असते. ती काढून पावसाच्या पाण्याच्या पाइपाला न्या, किंवा जिथे ट्रॅप आहे अशा जाळीवर सोडा.

कमोड

कपड्यांची नीळ चमचाभर फ्लश टँकमध्ये टाका, कमोडभोवतीची फरशी कोरडी करून टिश्यू पेपर लावा आणि तीन-चार वेळा फ्लश करा. कागद निळा झाला तर खालचा सांधा गळतो. कमोडवर बसून किंचित हलवून बघा. हलत असेल तर भोवतीचं पांढरं सिमेंट तडकलेलं असणारच. नुसतं वरून सिमेंट भरून घेऊ नका. कमोड उचलून खालची रबरी कनेक्टर रिंग बदलायला सांगा, स्क्रू घट्ट करा आणि कडेला सिलिकॉन लावा. मागच्या बाजूला दोन सेंटिमीटर जागा सिलिकॉनशिवाय सोडायची, म्हणजे पुन्हा गळलं तर पाणी बाहेर दिसेल, आतल्या आत मुरणार नाही.

पुण्याच्या आसपासच्या मोठ्या प्रकल्पांत फ्लशला सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी येतं. फ्लश केल्याबरोबर वास वाढत असेल तर टँकचं झाकण काढून हुंगा, आणि एका ग्लासात ते पाणी घेऊन नळाच्या पाण्याशेजारी ठेवा. पिवळट, वास मारणारं पाणी म्हणजे केंद्र नीट चालत नाही. घरात करण्यासारखं काही नाही. ग्लासाचा फोटो काढून सोसायटीला पाठवा.

गुडगुड ऐकू येत असेल तर

वरच्या कोणी फ्लश केला की आपल्या जाळीतून किंवा कमोडमधून गुडगुड आवाज येतो? मग ट्रॅप सुकत नाही, ओढला जातो. उभ्या पाइपातून पाणी वेगाने खाली पडताना मागे हवा हवी असते. ती गच्चीवरच्या उघड्या टोकातून मिळाली नाही तर तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते, आणि तिच्यासोबत तिथलं पाणीही जातं. जाळी उघडून टॉर्च धरा, वरच्या घरी फोन करून एक बादली कमोडमध्ये झटकन ओतायला सांगा. पातळी हलून खाली बसली तर निदान पक्कं. गच्चीवर जा आणि त्या पाइपाची टोपी बघा. कबुतराचं घरटं, वॉटरप्रूफिंगवाल्याने कोंबलेलं पोतं, सोलर बसवताना कापून बंद केलेला पाइप, यांपैकी काहीतरी असतं. पंधरा-वीस मजली इमारतीत पावसाळी वाऱ्यात कमोडमधलं पाणी थोडं डुलणं मात्र स्वाभाविक आहे.

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर उलटं होतं. वरून येणारं पाणी तळाच्या वळणावर आपटतं, हवा दाबली जाते आणि जाळीतून बुडबुडे येतात. सकाळी सगळ्यांची मशीन चालू असताना फेसही वर येतो. यावर नीट उपाय एकच: सगळ्यात खालच्या मजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला जोडणे. तो सोसायटीचा किंवा बिल्डरचा खर्च आहे. तोवर एकमार्गी जिभेचा थोडा आधार मिळतो.

एक्झॉस्ट किंवा किचनची चिमणी लावल्यावरच वास येत असेल तर तो पंखाच गटाराची हवा ओढतोय. चिमण्या तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढण्याचा दावा करतात. खिडक्या बंद असतील तर ती हवा सगळ्यात कमकुवत ट्रॅपमधून येते. चिमणी चालू असताना एक खिडकी उघडी ठेवा, बाथरूमच्या दाराखाली १०-१५ मिलिमीटर फट राहू द्या. कमकुवत ट्रॅप शोधायचा तो शोधाच.

पिशव्या ठेवूनही वास आला तर

वर बघा. आजच्या बऱ्याच इमारतींत वरच्या घराच्या बाथरूमचे पाइप तुमच्या फॉल्स सीलिंगमध्ये लटकलेले असतात. तिथला चौकोनी दरवाजा उघडून टॉर्च फिरवा: पाइपाच्या सांध्यावर पांढरे-तपकिरी ओघळ, पीओपीवर पिवळे डाग, तपासणीच्या झाकणाचे ढिले बोल्ट. याचाच अर्थ असा की तुमचा ट्रॅप बदलायची वेळ आली, तर काम खालच्यांच्या सीलिंगमधून करायचं आहे. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा, आणि बिल्डरचा माणूस येईल त्या दिवशी ते घरी असतील असं बघा.

जुन्या पद्धतीच्या बांधकामात बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. फरशीच्या सांध्यांतून किंवा जाळीच्या कडेने पाणी त्यात मुरलं की ते बाहेर पडत नाही, आणि ओल्या मातीचा कुबट वास येतो. बाथरूम दोन दिवस बंद ठेवूनही फरशीचे सांधे काळपटच राहिले तर हाच प्रकार. आधी जाळीची कड आणि सगळे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, महिनाभर बघा. खालच्या घरी ओल उतरली असेल तर मात्र फोडून वॉटरप्रूफिंगच करावं लागेल; इथे प्लंबर बरोबर असतो.

डक्टची खिडकी उघडली की वास येत असेल तर डक्टमधल्या पाइपांची तपासणीची झाकणं उघडी आहेत. ते काम सोसायटीचं.

काय ओतू नये

अ‍ॅसिड. त्याने सिमेंटचे सांधे झिजतात, स्टीलची जाळी काळी पडते आणि वास आठवड्याने परत येतो. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. ड्रेनेज साफ करायची पावडर कॉस्टिकची असते. ती तुंबलेल्यासाठी आहे, वासासाठी नाही, आणि अर्धवट विरघळली तर ट्रॅपमध्येच दगड होऊन बसते.

मे महिन्यात गावाला जाताना महिनाभर घर बंद राहणार असेल तर प्रत्येक जाळीत आधी पाणी, मग वर दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन ओता. औषधाच्या दुकानात मिळतं. तेलाचा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही. खाद्यतेलही चालतं, पण ते खवट होतं आणि झुरळांना आवडतं.

कोणाला कळवायचं

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बांधकामातला दोष बिल्डरने विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा, तोही कळवल्यापासून ३० दिवसांत. रेरा (बिल्डर आणि घरखरेदीदारांसाठीचा स्थावर मालमत्ता) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) मध्ये हे आहे. फोनवर सांगू नका, ईमेल करा. "वास येतो" असं न लिहिता "मास्टर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये ५० ऐवजी २० मिमी पाणी राहतं, तारखेसह फोटो जोडला आहे" असं लिहा. पाच वर्षं उलटली असतील तर उभे सामाईक पाइप सोसायटीचे, घरातले ट्रॅप आणि सांधे ज्याचे त्याचे. भाड्याच्या घरात सिमेंट-पाइपाचं काम मालकाचं. जाळीची वाटी आणि रबरी रिंग मात्र स्वतःच आणून टाका, मालकाला पटवण्यात जाणारा वेळ त्याहून महाग पडतो.

काम कोणीही केलं तरी शेवटचे पैसे लगेच देऊ नका. त्या रात्री फक्त दुरुस्त केलेली जाळी उघडी ठेवून बाकीच्यांवर पिशव्या ठेवा, आणि सकाळी दार उघडल्यावर मग प्लंबरला फोन करा.